छाती हलकी लागते म्हणजे दूध आटलं का?

एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. तिचा प्रश्न थोडक्यात असा :

वय २९. पहिलं बाळंतपण, सिझेरियन. मुलगी आता साडेसात आठवड्यांची आहे. पहिला महिना छाती दगडासारखी भरायची, पाजायला जरा उशीर झाला की कपडे ओले व्हायचे. सहाव्या आठवड्यापासून ते थांबलं, छाती मऊ आणि हलकी लागते. संध्याकाळी मुलगी दर अर्ध्या-पाऊण तासाला मागते, पितानाही कुरकुरते. पाजल्यानंतर तासाभराने पंप लावून पाहिला तर दोन्ही बाजूंचं मिळून ४० मिली निघालं. सासूबाई म्हणाल्या, दूध आटलं. म्हणून गेल्या आठवड्यापासून रात्री वरच्या दुधाची एक बाटली सुरू केली. ती मुलगी गटागट संपवते, त्यामुळे इतके दिवस ती उपाशीच होती असं घरात सगळ्यांनी धरून चाललंय. प्रसूतीच्या वेळी आईचं प्रोलॅक्टिन (दूध बनवणारं हार्मोन) २००च्या घरात असतं असं वाचून रक्त तपासलं, तर ते ६८ आलं. ओळखीच्या एकीने दूध वाढवायची गोळी सुचवली आहे. मधे चार दिवस सर्दीची गोळी घेतली होती. मुलीचं वजन जन्माच्या वेळी २.९ किलो, बाराव्या दिवशी २.९५ आणि सहा आठवड्यांच्या लसीच्या वेळी ३.८२. "ताई, माझे हार्मोन्स बिघडलेत का? गोळी घेऊ की बाटलीच चालू ठेवू? आई म्हणून मी कमी पडतेय असं सारखं वाटतं."

उत्तर

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही 'तू'च म्हणते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यातले आकडे कागदावर उतरवले आणि त्यातल्या एकापाशी थांबले. तो प्रोलॅक्टिनचा नव्हे, पंपाचाही नव्हे. पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलेलं मुलीचं वजन. बाराव्या दिवशी २.९५ आणि बेचाळिसाव्या दिवशी ३.८२. म्हणजे तीस दिवसांत ८७० ग्रॅम, दिवसाला २९. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढावं अशी अपेक्षा असते. आणि तेव्हा बाटली घरात आलेलीच नव्हती. ते ८७० ग्रॅम सगळेच्या सगळे तुझ्या दुधाचे आहेत. "इतके दिवस उपाशी होती" हे घरातल्यांनी धरलेलं गृहीत इथेच गळून पडतं.

मग छाती हलकी का झाली? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

दूध तयार करायची तयारी गरोदरपणाच्या मध्यावरच होते. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून स्तनात चीक बनायला लागतो. पण वार पोटात असेपर्यंत ती प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन भरपूर सोडत असते आणि ते दुधाला अडवून धरतं. प्रोलॅक्टिन तेव्हाही चढलेलंच असतं, फक्त त्याचं काही चालत नाही. वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं, अडसर निघतो आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दूध उतरतं. पहिल्या खेपेला, सिझेरियननंतर किंवा आईला मधुमेह असेल तर एखाद-दोन दिवस उशीर होऊ शकतो. लक्षात घे, हे दूध बाळाने ओढल्यामुळे उतरत नाही. बाळ काचपेटीत असलं, आईने त्याला एकदाही घेतलेलं नसलं, तरी तिसऱ्या दिवशी तिची छाती दाटते. त्या दिवसांत सगळा कारभार रक्तातल्या हार्मोन्सच्या हाती असतो, आणि बाळाला किती लागतं हे शरीराला अजून ठाऊक नसतं. म्हणून ते हात सैल सोडून बनवतं. शिवाय स्तनाकडचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, सूज असते. तो दगडासारखा कडकपणा म्हणजे नुसतं दूध नव्हतं.

पुढच्या काही आठवड्यांत कारभार हळूहळू स्तनांकडे जातो. दूध साठून राहिलं की दूध बनवणाऱ्या पेशींवर ताण येतो, शिवाय दुधातलेच काही घटक त्यांना "आता पुरे" असं सांगतात. दूध निघून गेलं की हा निरोप थांबतो आणि पेशी पुन्हा जोमाने कामाला लागतात. याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जायला नको. काही बाळं एकाच बाजूला पितात, दुसरीला तोंडच लावत नाहीत. अशा आईची एक बाजू भरपूर दूध देते आणि दुसरी काही दिवसांत आटते. दोन्ही स्तनांना रक्त एकच, त्यातलं प्रोलॅक्टिन एकच. तरी एक चालू, एक बंद. हार्मोन कमी पडलं म्हणून दूध आटत असतं तर दोन्हीकडचं आटलं असतं.

साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात बहुतेक आयांना जे जाणवतं ते हेच. छाती मऊ होते, गळणं थांबतं, दूध मात्र तेवढंच राहतं. पहिल्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत बाळ अंगावरचं सरासरी ७५० ते ८०० मिली दूध दिवसाला घेतं, आणि या काळात तो आकडा फारसा बदलत नाही. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणींनी नेमक्या याच आठवड्यात "दूध गेलं" म्हणून अंगावर पाजणं सोडलंय. बसवलेली घडी मोडली म्हणून त्या घाबरल्या, आणि प्रत्यक्षात घडी तेव्हाच बसत होती. याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आता तुझा ६८चा रिपोर्ट. गरोदर नसताना स्त्रीच्या रक्तात प्रोलॅक्टिन बहुधा २५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या खाली असतं. बाळंतपणाच्या सुमारास ते २००च्या आसपास जातं, आणि मग आठवड्यागणिक उतरत जातं. दूध व्यवस्थित चालू असतानाही उतरतं. शिवाय ते दिवसभर एका पातळीवर राहत नाही. बाळ प्यायला लागलं की चढतं, अर्ध्या-पाऊण तासाने शिखरावर जातं आणि पुन्हा खाली येतं. रात्री मुळातच जास्त असतं. तू दुपारी, मुलीला घरी ठेवून, पाजल्यानंतर बऱ्याच वेळाने रक्त दिलं असशील, तर मोजली गेली ती ओहोटी. आणि आजचा आकडा प्रसूतीच्या दिवसाच्या आकड्याशी ताडून पाहण्यात तर काहीच अर्थ नाही. प्रोलॅक्टिन पुरेसं असलं की दूध बनतं. दुप्पट प्रोलॅक्टिन म्हणजे दुप्पट दूध असा हिशेब नसतो.

आपल्या भाषेत एक फरक फार जुना आणि फार नेमका आहे. दूध असणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. दूध बनवतं ते प्रोलॅक्टिन. पान्हा फोडतं ते ऑक्सिटोसिन. दूध बनवणाऱ्या इवल्या पिशव्यांभोवती स्नायूसारख्या पेशींची जाळी असते. ऑक्सिटोसिन आलं की ती आवळते आणि दूध पुढे ढकललं जातं. (पहिल्या दिवसांत पाजताना ओटीपोटात कळा यायच्या ना? त्याही त्याच्याच. तेच हार्मोन गर्भाशय आवळतं.) बाळ ओढतं तेव्हा ते येतंच, पण बाळाचा आवाज ऐकून, वास घेऊन, नुसत्या आठवणीनेही येतं. आणि दुखत असलं, भीती वाटत असली, कुणी शेजारी उभं राहून "येतंय का दूध?" विचारत असलं, तर अडतं. गाय पान्हा चोरते म्हणतात, ते हेच. दूध कासेत असतं, पण ती सोडत नाही.

१९४८ साली अमेरिकेत मायकल आणि नाइल्स न्यूटन या दांपत्याने हे स्वतःवरच तपासलं. नाइल्स तेव्हा सात महिन्यांच्या बाळाला पाजत होत्या. एरवी शांतपणे पाजलं तर बाळ सरासरी १६८ ग्रॅम दूध घ्यायचं. पाजताना नाइल्सचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, अंगठा ओढून दुखवला, गणितं घालून भंडावलं, तेव्हा ९९ ग्रॅमच. मग हाच सगळा छळ चालू ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर बाळाला १५३ ग्रॅम मिळालं. दूध सगळा वेळ तिथेच होतं! म्हणून "काळजी करतेस, त्यानेच दूध आटतं" असं कुणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नकोस. काळजीने दूध आटत नाही. पान्हा उशिरा फुटतो, बाळ कुरकुरतं, एवढंच. मात्र असं रोज घडून दूध आत पडून राहायला लागलं तर ते हळूहळू कमी होऊ शकतं, म्हणून पाजताना स्वस्थता हवी. ती राखायची जबाबदारी घरातल्यांची आहे, एकट्या तुझी नाही.

पंपाचं कोडंही इथेच सुटतं. पंपाला बाळाचा वास नाही, आवाज नाही. बऱ्याच जणींना त्याने पान्हाच फुटत नाही. तरीही तुझे ४० मिली आले. दिवसाच्या ७५० मिलीला २४ने भागून बघ, तासाला ३१ येतात. तू पाजल्यानंतर तासाभराने ४० काढलेस. मला तरी त्यात काळजीचं काही दिसत नाही.

संध्याकाळची कुरकुर पहिल्या दोन-तीन महिन्यांत घरोघरी असते. दिवसाअखेर छाती पहाटेपेक्षा रिकामी असते, धार संथ येते, म्हणून बाळ पुन्हा पुन्हा लावून घेतं. पण रिकाम्या छातीतल्या दुधात स्निग्धांश जास्त असतो, आणि ती भरतेही लवकर. त्या तास-दोन तासांत मुलगी उद्याच्या दुधाची मागणी नोंदवत असते. खरं सांगायचं तर ते तास आईचा जीव काढतात. तेव्हा बसायला नीट जागा, हाताशी पाणी आणि बाकीच्या कामातून पूर्ण सुटका एवढं तुला मिळायलाच हवं.

आता बाटली. "पाजल्यावरही बाटली संपवली म्हणजे भूक होतीच" हा तर्क सरळ वाटतो, पण पक्का नाही. या वयात तोंडात काही आलं की चोखायचं आणि दूध घशाशी आलं की गिळायचं, हे बाळाच्या हातात नसतं. बाटलीचं दूध तोंडात आपसूक उतरतं. पोट भरलेलं बाळही ते संपवतं. त्यामुळे बाटली रिकामी झाली एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट बाजू मात्र खरी आहे. ती बाटली पिऊन मुलगी चार-पाच तास झोपते, तेवढा वेळ दूध छातीत साठून राहतं, तेही प्रोलॅक्टिन जास्त असण्याच्या रात्रीच्या वेळी. "पुरे" हा निरोप रोज जायला लागतो. मग खरंच थोडं कमी होतं, मग दुसरी बाटली येते. तुमच्या घरात ज्या तुटवड्याची भीती आहे, तो अशा वाटेने यायचा असतो.

गोळीबद्दल. मेंदू एरवी डोपामाइन नावाचं रसायन सोडून प्रोलॅक्टिनला आवरून धरतो. डोम्पेरिडोनसारखी औषधं डोपामाइनचं काम अडवतात, म्हणून प्रोलॅक्टिन वाढतं. बाळ ओढायला लागलं की मेंदू तो लगाम आपणहून सैल करतो. म्हणजे गोळी जे करते ते तुझी मुलगी दिवसातून आठ-दहा वेळा करतेच आहे. ज्यांचं प्रोलॅक्टिन खरोखर कमी आहे, किंवा ज्यांचं बाळ फार आधी जन्मल्याने ओढूच शकत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर कधी ही औषधं विचारपूर्वक देतात. पण डोम्पेरिडोनचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दूध वाढवण्यासाठी ते वापरू नये असा इशारा दिला होता. मेटोक्लोप्रमाइड हे दुसरं औषध काहींना नैराश्याकडे नेतं, आणि बाळंतपणानंतरच्या हळव्या दिवसांत हा धोका छोटा नाही. मैत्रिणीला लागू पडलं म्हणून तू घेऊ नकोस. तुझ्या आकड्यांवरून तुला त्याची गरजही दिसत नाही.

सर्दीच्या गोळीचं मात्र बरं केलंस की लिहिलंस. तिच्या वेष्टनावर स्यूडोएफेड्रिन हे नाव आहे का बघ. ऑस्ट्रेलियात आठ स्त्रियांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात या औषधाच्या एकाच डोसानंतर दिवसभराचं दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटलं होतं. असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना दुसरं मागून घे. चार दिवसांची घट पाजत राहिल्यावर भरून निघायला हरकत नसावी. तसंच, पुढे गर्भनिरोधक गोळ्यांचा विषय निघेल तेव्हा "अंगावर पाजते" हे आधी सांग. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या दूध कमी करू शकतात, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत. नुसत्या प्रोजेस्टेरॉन जातीच्या गोळ्या सहसा चालतात. गरोदरपणात दुधाला अडवणारं हे हार्मोन आता का अडवत नाही? कारण दूध एकदा नीट सुरू झालं की स्तनातल्या पेशी त्याचा निरोप घेणंच जवळजवळ बंद करतात.

तू विचारलंस, गोळी की बाटली. मला तिसरी वाट योग्य वाटते. आधी या आठवड्यात, लसीच्या वेळी जो काटा वापरला त्याच काट्यावर मुलीचं वजन कर. तोवर चोवीस तासांत किती लंगोट नीट ओले होतात ते मोज. सहा किंवा जास्त असतील, वजन पूर्वीच्याच चालीने वाढलेलं असेल, तर रात्रीच्या बाटलीच्या जागी अंगावर पाज. एकच बाटली आहे, फार दिवसांची नाही. दोन-तीन रात्री ती जास्त वेळा उठेल, पण तेवढ्यात छातीला नवा हिशेब कळेल. रात्री उठून तिला तुझ्याकडे आणून देणं, पाजून झाल्यावर ढेकर काढणं, लंगोट बदलणं हे नवऱ्याने करावं. पाजणं सोडून बाकी सगळं दुसऱ्या कुणाला करता येतं. सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजता पाजता डोळा लागू देऊ नकोस, बाळासाठी ते धोक्याचं आहे.

कुणाच्या बाळाला दिवसातून तीन-चार बाटल्या लागल्या असतील तर त्या एकदम बंद करू नका. वजनावर लक्ष ठेवून, थोडं थोडं कमी करा.

आणि वजन वाढलेलं नसेल, तर हे सगळं बाजूला ठेवून मुलीला डॉक्टरांकडे ने. तोवर वरचं दूध बंद करायचं नाही. बाळाचं पोट भरणं पहिलं. पाचव्या दिवसानंतर सहापेक्षा कमी ओले लंगोट, गडद लघवी, दोन आठवडे होऊनही जन्मवजन भरून न येणं, प्यायला उठवावं लागेल इतकी सुस्ती, कोरडं तोंड, यातलं काहीही दिसलं तर थांबू नये. काही आयांना खरंच दूध कमी असतं, आणि त्यामागे ठोस कारण असतं. वारेचा तुकडा आत राहिला तर प्रोजेस्टेरॉन उतरत नाही. प्रसूतीत फार रक्तस्राव झाला तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला इजा होऊन दूध उतरतच नाही, याला शीहान सिंड्रोम म्हणतात. थायरॉइडचा बिघाड असू शकतो, काहींच्या बाबतीत पीसीओएस (बीजांडकोशांशी संबंधित हार्मोन्सचा बिघाड), स्तनावरची जुनी शस्त्रक्रिया, किंवा गरोदरपणात स्तनात काहीच बदल न होणं. कधी अडचण बाळाच्या बाजूला असते, जीभ खाली बांधलेली असते आणि त्याला ओढताच येत नाही. या आयांनी अर्धं अंगावरचं, अर्धं वरचं दिलं तरी बाळ नीट वाढतं, आणि जेवढं अंगावरचं मिळालं तेवढं त्याच्या कामी येतंच.

तू सगळं समजून घेऊनही "मला झोप हवी, रात्रीची एक बाटली राहू दे" असं ठरवलंस, तर तोही तुझा अधिकार आहे. मग झोपण्याआधी थोडं हाताने किंवा पंपाने काढून ठेव, म्हणजे दाटून गाठी होणार नाहीत. फक्त तो निर्णय थकव्याचा हिशेब करून घे, दूध आटलं या भीतीने नको.

"आई म्हणून कमी पडतेय" हे वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलं आहेस. पान्हा फुटायच्या क्षणी अचानक उदास वाटून मिनिटा-दोन मिनिटांत जात असेल, तर तो शरीरातल्या हार्मोन्सच्या चढउताराचा भाग असू शकतो, काहींना तसं होतं. पण उदासी दिवसभर राहत असेल, मुलगी झोपलेली असतानाही तुला झोप येत नसेल, रडू आवरत नसेल, तर वजनाची वाट न बघता तुझ्या डॉक्टरांशी बोल. त्यावर उपचार आहेत आणि पाजणं चालू ठेवून घेता येतात.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव. त्यांनी बाटली मायेनेच सुचवली आहे, आणि मऊ छाती बघून दूध आटलं असं त्यांनाही त्यांच्या वेळी कुणीतरी सांगितलं असेल. संध्याकाळच्या त्या दोन तासांत तुला एकटीला शांत बसू देणं आज त्यांच्या हातात आहे.

वजन केलंस की आकडा मला कळव.